फरशी गरम लागत नाही, तरी खोली उबदार: फ्लोअर हीटिंग निवडण्याआधी

फ्लोअर हीटिंग, म्हणजे फरशीखाली गरम पाण्याचे पाइप किंवा विजेची केबल घालून खोली तापवायची सोय, बसवलेल्या घरात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास एक गोष्ट करतो. खाली वाकतो, फरशीला तळहात लावतो आणि विचारतो, "बंद आहे का? गरम तर लागत नाहीये." बाहेर कडाक्याची थंडी असते आणि हे विचारताना त्याने स्वेटर काढून खुर्चीवर टाकलेला असतो.

त्याचा हात खोटं बोलत नसतो. तळहाताची त्वचा साधारण ३२-३३ अंश सेल्सिअसची असते. नीट बांधलेल्या घरात हीटिंग चालू असताना फरशी असते २५-२६ अंशांवर. म्हणजे हातातली उष्णता फरशीत जाते, फरशीतली हातात येत नाही. तरीही खोली उबदार राहते. ही यंत्रणा निवडताना जे घोळ होतात, त्यातले बरेचसे हा उलगडा न झाल्यामुळे होतात. पायाला चटका देणारी फरशी हवी म्हणून निघालेला माणूस चुकीची यंत्रणा घरी आणतो. आपल्याला हवी असते ती भरपूर मोठी आणि जेमतेम कोमट फरशी.

ऊब येते कशी

शेकोटीसमोर बसलं की तोंड शेकतं आणि पाठ गारठते. मागची-पुढची हवा जवळपास सारखीच गार असते, फरक पडतो तो जाळाकडून थेट येणाऱ्या उष्णतेमुळे. शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण असे उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग शिकवतात, त्यातला हा तिसरा. हाच प्रकार उलटाही चालतो. थंडीत मोठ्या काचेजवळ बसलं की खोलीतली हवा ठीक असूनही त्या बाजूचा खांदा गार पडतो, कारण आपलं अंग त्या थंड काचेकडे उष्णता टाकत असतं.

शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर सोडतो आणि तिचा मोठा हिस्सा प्रारणाने आजूबाजूच्या भिंती, छत, जमीन यांच्याकडे जातो. त्यामुळे आपल्याला थंडी वाजते की नाही, हे हवेच्या तापमानाइतकंच भोवतालच्या पृष्ठभागांच्या तापमानावर ठरतं. फरशी पाच-सहा अंशांनी गरम केली की अंगातून बाहेर जाणारी उष्णता कमी होते आणि फरशीवर टेकलेली हवाही हळूहळू तापते. फरशीतून निघणाऱ्या उष्णतेचा साधारण अर्धा भाग प्रारणाने जातो, उरलेला हवेतून. छताजवळ गरम आणि पायाशी गार, ही गरम हवा फेकणाऱ्या यंत्रांची तऱ्हा इथे दिसत नाही.

आता एक ढोबळ सूत्र. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. फरशी खोलीच्या हवेपेक्षा जितके अंश गरम, त्याला ११ ने गुणायचं. येईल तितके वॅट एका चौरस मीटरमधून मिळतात. फरशी ९ अंशांनी गरम असेल तर १०० वॅटच्या आसपास.

आणि ९ अंश हीच जवळपास मर्यादा आहे. युरोपातल्या ईएन १२६४ या मानकानुसार माणसांचा वावर असलेल्या भागात फरशी २९ अंशांच्या वर नेत नाहीत. बाथरूमसाठी ही मर्यादा ३३, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या मीटरभर पट्ट्यात ३५. त्याच्या वर गेलं की पाय जड वाटू लागतात, घाम येतो. म्हणजे २० अंशांच्या खोलीत एका चौरस मीटरमधून १०० वॅट मिळाले की खेळ संपला. थर्मोस्टॅट कितीही फिरवला तरी त्याच्यापुढे नेता येत नाही, न्यायचंही नसतं.

आधी खोलीचा हिशेब

"पाण्याची घ्यावी की विजेची?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. खरा पहिला प्रश्न असा असतो: ही खोली ऐन थंडीत किती उष्णता गमावते?

भिंत, खिडकी, छत यातून जाणारी उष्णता काढायला तीन आकडे गुणायचे: क्षेत्रफळ, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, आणि त्या वस्तूचा यू-मूल्य नावाचा आकडा. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला किती वॅट निसटतात ते. साध्या एका काचेच्या खिडकीचं यू-मूल्य साडेपाचच्या पुढे असतं. दोन काचा, मध्ये आर्गॉन वायू आणि काचेवर उष्णता अडवणारा लेप असेल तर ते १.२ च्या आसपास येतं. बाहेर शून्य, आत २० अंश, आणि ४ चौरस मीटरची खिडकी घ्या. एका काचेतून ४५० वॅट जातात, दुसऱ्या खिडकीतून ९६. एवढ्या एका फरकावर आख्ख्या खोलीचा निकाल लागू शकतो.

समजा, २० चौरस मीटरची बैठकीची खोली एकूण १२०० वॅट गमावते. म्हणजे दर चौरस मीटरला ६० वॅट लागणार आणि फरशी हवेपेक्षा साडेपाच-सहा अंशांनी गरम हवी. आत २० असेल तर फरशी २६ च्या आत. उत्तम. हीच खोली फटीफटींतून वारा घेणारी, एका काचेची आणि उघड्या छताची असेल आणि २६०० वॅट गमावत असेल, तर दर चौरस मीटरला १३० वॅट लागतील. फरशी एवढं देऊच शकत नाही. अशा घरात पैसा आधी खिडक्यांत आणि छतात घालावा. ते जमणार नसेल तर जोडीला दुसरं काहीतरी तापवणारं ठेवावं लागेल, हे आधीच मान्य करावं.

या हिशेबात एक गोम आहे. भागायचं ते मोकळ्या फरशीने. जमिनीला टेकलेली कपाटं, ओट्याखालचे कप्पे, बाथटब यांच्याखाली हीटिंग घालत नाहीत, घालू नये. बाथरूममध्ये हे लगेच बोचतं. खोली ५ चौरस मीटरची, त्यातले २ टबाने आणि कमोडने खाल्ले, उरली ३. फार तर ३०० वॅट मिळणार. बाथरूम २४ अंशांवर ठेवायची आणि लागतात समजा ५००. म्हणून बाथरूममध्ये फ्लोअर हीटिंगच्या जोडीला भिंतीवर टॉवेल वाळवायचा रेडिएटर दिसतो. तो शोभेचा नसतो, उरलेले २०० वॅट तो देतो.

सुस्त फरशी, चपळ फरशी

दुसरा प्रश्न वापराचा. खोली रोज, दिवसभर वापरात असते की कधीमधी?

पाण्याच्या यंत्रणेत पाइप बहुतेकदा सिमेंटच्या कोब्यात गाडलेले असतात. ६५ मिलिमीटर जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला १३० किलो भरतं. तो एका अंशाने तापवायला साधारण १३० किलोज्यूल लागतात. १०० वॅटने तापवत राहिलं आणि त्यातला एकही वॅट खोलीत गेला नाही असं धरलं, तरी १० अंश चढायला साडेतीन तास लागतात. प्रत्यक्षात उष्णता वर जातच असते, त्यामुळे वेळ आणखी लांबतो. गार पडलेलं घर पूर्ण उबदार व्हायला दिवसही जातो.

फक्त शनिवार-रविवारी वापरायच्या घरात अशी जाड कोब्याची यंत्रणा बसवलेली मी पाहिली आहे. मालक शुक्रवारी रात्री पोचून हीटिंग चालू करायचे. शनिवारचा दिवस जॅकेट घालून काढायचे. रविवारी दुपारी घर छान उबदार व्हायचं, संध्याकाळी ते कुलूप लावून निघायचे, आणि सोमवारचा दिवसभर ती सगळी ऊब रिकाम्या घरात निवत बसायची. यंत्रणेत दोष काही नव्हता. माणसं आणि फरशी यांचं वेळापत्रक जुळत नव्हतं. पुढे त्यांनी या घराकडे यायला निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवरून चालू करायची सोय करून घेतली, तेव्हा कुठे मार्ग निघाला.

पण हाच सुस्तपणा रोज राहत्या घरात फार कामाचा असतो. दार दोन मिनिटं उघडं राहिलं तर हवा गार होते, पण फरशी जागची हलत नाही आणि खोली लगेच सावरते. शिवाय तिला स्वतःचा एक लगाम असतो. फरशी २४ अंशांवर आणि हवा २० वर असताना जेवढी उष्णता निघते, तेवढी ऊन येऊन हवा २२ झाली की निघत नाही. फरक ४ चा २ झाला, उष्णता निम्म्यावर आली. थर्मोस्टॅटला काही कळायच्या आत. घर जितकं चांगलं बंदिस्त तितकी फरशी आणि हवा यांची तापमानं जवळ, आणि तितका हा लगाम घट्ट. म्हणून अशा घरात रात्री तापमान उतरवून सकाळी चढवण्याचा खटाटोप फारसा फळत नाही. दिवसरात्र मंद चालू ठेवावं, हे बरं.

चपळाई हवी असेल तर कोबा टाळायचा. सुक्या पद्धतीत खाचा पाडलेल्या बोर्डात पाइप बसवतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे असतात आणि ते उष्णता बाजूला पसरवतात. वजन कमी, तापायला वेळ कमी, सुकण्याची वाट पाहणं नाही. लाकडी पाटणीच्या मजल्यावर बहुतेकदा हाच मार्ग उरतो. आधीच्या २० चौरस मीटरच्या खोलीत कोब्याचंच वजन २६०० किलो होईल. वरच्या मजल्यावर इतकं टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंचीही मोजा. इन्सुलेशन, कोबा आणि टाइल मिळून जमीन सहज १०० मिलिमीटरने वर येते. दारं खालून कापावी लागतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं. जिना मात्र विसरला जातो. जिन्याच्या इतर पायऱ्या १७० मिलिमीटरच्या आणि पहिली अचानक ७० ची झाली, तर पाय तिथे रोज अडखळणार. जुन्या घरात मजल्याची उंची वाढवणं शक्य नसेल, तर १५-२० मिलिमीटरच्या थरात मावणारे बारीक पाइप किंवा विजेच्या केबलची पातळ मॅट, इतकेच पर्याय राहतात.

आता वीज की पाणी

इतकं ठरलं की हा प्रश्न बहुधा आपोआप सुटलेला असतो.

विजेच्या यंत्रणेत जाळीवर चिकटवलेली तीन-चार मिलिमीटर जाडीची केबल टाइलच्या खालच्या चिकट थरातच बसते. पंप नाही, बॉयलर नाही, एका दिवसात अंथरून होते. ताकद साधारण चौरस मीटरला १५० वॅट. अडचण एकच, पण ती जन्माची: एक युनिट वीज घातली की एक युनिटच उष्णता मिळते. हीट पंप हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून आणतो, त्यामुळे कोमट पाणी करायचं असेल तर तो एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता देऊ शकतो. म्हणून माझं मत सरळ आहे. एक-दोन लहान खोल्या, सकाळ-संध्याकाळ तासभर वापर, फक्त टाइल बदलायच्या आहेत: वीज. आख्खं घर, रोजचा वापर, आणि जमीन तशीही उकलायची आहे: पाणी. आख्ख्या घराला विजेच्या मॅट घालून देऊ म्हणणाऱ्याकडून वर्षाच्या बिलाचा अंदाज लेखी मागा.

विजेत फिल्मचाही प्रकार मिळतो, कार्बनचे पट्टे छापलेला पातळ कागदासारखा. तो लॅमिनेटखाली सुका अंथरतात. ओल्या जागी किंवा टाइलच्या चिकट्यात तो नको. गरम हवा जमिनीखालून खेळवायची कल्पनाही जुनी आहे, पण तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. घरासाठी तिचा विचार सोडून द्यावा.

पाण्याच्या यंत्रणेत सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे पाइपात जाणाऱ्या पाण्याचं तापमान. जुन्या रेडिएटरला ६० ते ८० अंशांचं पाणी लागायचं, फरशीला ३० ते ४५ पुरतं. हीट पंपाला पाणी जितकं कमी तापवायला सांगाल तितका तो स्वस्तात काम करतो. दर एका अंशामागे विजेत साधारण दोन ते तीन टक्क्यांचा फरक पडतो. गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर असेल तर परत येणारं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली असावं लागतं, तरच धुरातली वाफ त्याच्यात निवते आणि तिची उष्णता वाया जात नाही. फ्लोअर हीटिंगचं परतीचं पाणी तसंच असतं. साधा बॉयलर ६०-७० अंशांचं पाणी देत असेल तर मध्ये त्यात परतीचं निवलेलं पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि ठरावीक तापमानाच्या वर पंप बंद करणारा रक्षक थर्मोस्टॅट हवाच. एवढं गरम पाणी थेट कोब्यात सोडलं तर कोबाही तडकेल आणि लाकूडही उचलेल.

पाइपांची गोष्ट

न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन वसाहतीत १९४७ पासून हजारो घरं झपाट्याने उभी राहिली. अनेक घरांच्या काँक्रीटमध्ये हीटिंगचे तांब्याचे पाइप गाडलेले होते. राहणाऱ्यांना ती ऊब आवडली. पण काही दशकांत पाइप गंजू लागले, गळती नेमकी कुठे आहे ते काँक्रीट फोडल्याशिवाय कळेना, आणि बऱ्याच मालकांनी ती यंत्रणा बंद करून भिंतीलगत दुसरं हीटिंग लावून घेतलं. जमिनीखालच्या पाइपांची लोकांना आजही जी भीती वाटते, तिचं मूळ अशा अनुभवांत आहे.

आता पाइप प्लॅस्टिकचे असतात: पेक्स, पीई-आरटी, किंवा मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले. ते गंजत नाहीत. पण सुरुवातीच्या प्लॅस्टिक पाइपांनी वेगळाच घोटाळा केला. त्यांच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन झिरपून पाण्यात मिसळायचा आणि यंत्रणेतले लोखंडी भाग गंजायचे. तो गंज काळ्या गाळासारखा पाइपात साचायचा. म्हणून पाइपावर ऑक्सिजन अडवणारा थर आहे असं छापलेलं आहे का, ते डोळ्यांनी पाहून घ्या. गुंडाळी उघडल्यावर दर मीटरला मजकूर छापलेला असतो, वाचायला दोन मिनिटं लागतात.

पाइप किती लागेल? दोन ओळींमध्ये १५० मिलिमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला साडेसहा-सात मीटर. १६ मिलिमीटरच्या पाइपाचा एक फेरा शक्यतो १०० मीटरच्या आत ठेवतात, नाहीतर पंपाला जोर पडतो आणि शेवटी पोचेपर्यंत पाणी फार निवलेलं असतं. म्हणजे एक फेरा १५ चौरस मीटरला पुरतो आणि आपल्या २० चौरस मीटरच्या खोलीत दोन फेरे लागतात.

शेवटाला पोचेपर्यंत निवणं हे दुखणं फार जुनं आहे. कोरियातल्या पारंपरिक ओंडोल पद्धतीत चुलीचा धूर दगडी जमिनीखालच्या बोळकांड्यांतून खेळवत. चुलीजवळचं टोक तापायचं, लांबचं गार राहायचं. चुलीकडची उबदार जागा घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना देत. पुढे लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या आणि फटींतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावू लागली. आज कोरियातल्या घरांत जमीन तापते ती पाण्याच्या पाइपांनी. गरम टोक-गार टोक हा प्रश्न पाइपांच्या मांडणीने सोडवला जातो. पाइप नागमोडी टाकला तर खोलीची एक बाजू गरम आणि दुसरी गार राहते. गोगलगाईच्या शंखासारखा आत गुंडाळत नेऊन त्याच वाटेने बाहेर आणला, तर प्रत्येक गरम पाइपाशेजारी एक निवलेला पाइप येतो आणि सरासरी सगळीकडे सारखी पडते.

पाइपांतलं अंतर हा ठेकेदाराचा आवडता काटकसरीचा मुद्दा असतो. १०० किंवा १५० च्या जागी २५० मिलिमीटर अंतर ठेवलं की पाइप वाचतो, पण तेवढीच उष्णता काढायला पाणी जास्त गरम करावं लागतं, आणि तो खर्च पुढची कित्येक वर्षं दर थंडीत आपण भरतो. पाइपात कंजूषी करू देऊ नका.

सगळे फेरे जिथे एकत्र येतात त्या जागेला मॅनिफोल्ड म्हणतात. भिंतीतल्या पेटीत दोन आडव्या नळ्या, एक जाणाऱ्या पाण्याची, एक परतीची. वरच्या प्रत्येक तोंडावर बोटभर पारदर्शक नळी असते आणि तिच्यातली छोटी लाल खूण त्या फेऱ्यातून मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दाखवते. १२०० वॅट द्यायचे आणि पाणी ५ अंशांनी निवून परत यायचं, तर मिनिटाला साडेतीन लिटरही लागत नाही. दोन फेऱ्यांत मिळून. पाणी आळशी असतं, आखूड फेऱ्यातून धावतं आणि लांब फेऱ्याला उपाशी ठेवतं. म्हणून आखूड फेऱ्याची चावी थोडी आवळून सगळ्यांना वाटा मिळेल असं जुळवावं लागतं. एखादी खोली कधीच तापत नाही अशी तक्रार असेल तर आधी ही पेटी उघडून पाहावी.

वर काय, खाली काय

उष्णतेला वर-खाली कळत नाही. पाइपाखाली इन्सुलेशन नसेल तर ती तितक्याच आनंदाने जमिनीत किंवा खालच्या घराच्या छतात जाते. फोमचा जाड थर आणि भिंतीलगत सगळीकडे आठ-दहा मिलिमीटरची मऊ पट्टी, एवढं हवंच. ही पट्टी कोब्याला फुगायला जागा देते आणि उष्णता भिंतीत जाऊ देत नाही. कोबा घालताना ती मध्ये मध्ये येते म्हणून कापून टाकायचा मोह कामगारांना होतो. तेव्हा तिथे कोणीतरी उभं असावं.

वरच्या थराचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक आच्छादनाला उष्णता अडवण्याचा एक आकडा असतो. १० मिलिमीटरच्या टाइलचा साधारण ०.०१, १५ मिलिमीटर ओक लाकडाचा ०.०९, जाड कार्पेट आणि खालच्या अस्तराचा मिळून ०.१५ किंवा जास्त. हा आकडा चौरस मीटरला लागणाऱ्या वॅटने गुणला की वर-खालच्या तापमानातला फरक मिळतो. आपल्या ६० वॅटच्या खोलीत टाइल अर्धा-पाऊण अंश खाते, लाकूड साडेपाच अंश, कार्पेट ९. लाकूड निवडलं म्हणून पाणी पाच अंशांनी गरम करावं लागलं, तर हीट पंपाचं बिल दहा टक्क्यांच्या पुढे वाढतं. लाकूड नकोच असं मी म्हणत नाही. पायाला ते छान लागतं. फक्त ते आधी ठरवा आणि पाइपांतलं अंतर त्याप्रमाणे कमी करून घ्या. भरीव फळीपेक्षा थरांचं इंजिनिअर्ड लाकूड बरं, ते कमी आकसतं. लाकडाच्या पृष्ठभागाला बहुतेक उत्पादक २७ अंशांची मर्यादा घालतात. आणि सगळं बसवून झाल्यावर हौसेने आणलेला मोठा गालिचा हेही एक आच्छादनच असतं. हिशेबात न धरलेलं.

उन्हाळ्यात याच पाइपांतून गार पाणी फिरवता येतं का? येतं, पण जपून. फरशी हवेच्या दवबिंदूखाली गेली की तिच्यावर पाणी सुटतं आणि पाय घसरतो. हवा कोरडी असेल तिथे याचा थोडा आधार मिळतो. दमट हवेत बाष्प काढायला वेगळं यंत्र लागतंच.

फरशी बंद होण्याआधी

इथून पुढे चूक झाली तर ती फोडूनच दुरुस्त करावी लागते, म्हणून हे दोन-तीन दिवस रजा काढून घरी थांबावं असं मी सांगतो. जमिनीखाली पाइपाला सांधा नको. प्रत्येक फेरा मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड. कोबा घालण्याआधी पाइप दाबाखाली तपासायचे आणि कोबा घालतानाही दाब तसाच ठेवायचा, म्हणजे फावडं लागलं तर काटा लगेच पडतो. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आणि फोटोत मोजपट्टी भिंतीला टेकवून उलगडलेली दिसू द्या. पाच वर्षांनी कोणीतरी दाराचा स्टॉपर बसवायला जमिनीत ड्रिल घालणार आहे. तेव्हा हा फोटो लागेल.

विजेच्या केबलची परीक्षा ओहममध्ये होते. ५ चौरस मीटरची, दर चौरस मीटरला १५० वॅटची मॅट म्हणजे ७५० वॅट. २३० व्होल्टवर तिचा रोध ७० ओहमच्या आसपास यायला हवा. हा आकडा तीनदा मोजायचा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. शिवाय तारेचा अर्थिंगशी संबंध आला नाही ना, ते इन्सुलेशन टेस्टरने पाहायचं. माझ्या स्वतःच्या बाथरूममध्ये हे एकदाच मोजलं गेलं, पहिल्यांदा. टाइल बसवताना करणीची धार केबलला लागली आणि ते कळलं महिन्याभराने, थर्मोस्टॅट लावल्यावर. चूक टाइलवाल्याची की न मोजणाऱ्या इलेक्ट्रिशियनची, यावर दोघांनी माझ्यासमोर अर्धा तास वाद घातला. फरशी मात्र गारच राहिली. आता केबल घालणाऱ्यांना मी सांगतो, मीटर जोडूनच टाइल बसवा. केबल कापून लांबी कमी करायची नाही, एकीवर दुसरी चढवायची नाही, आणि वीज गळताच सर्किट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीडी बसवलेला असलाच पाहिजे. फरशीतला सेन्सर नळीत सरकवून ठेवा. तो कधीतरी बिघडतो, आणि नळी असेल तर ओढून नवा घालता येतो.

कोबा सुकायला वेळ द्यावाच लागतो. ईएन १२६४ नुसार सिमेंटचा कोबा घातल्यावर किमान २१ दिवस हीटिंग सुरू करायचं नाही, कॅल्शियम सल्फेटचा असेल तर किमान ७ दिवस. मग तीन दिवस पाणी २५ अंशांवर, त्यानंतर चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानावर. लाकूड त्याच्याही नंतर, कोब्यातली ओल मोजून. "लवकर सुकवायला हीटिंग चालू करू का?" असं कोणी विचारलं तर त्याला हे दिवस मोजून दाखवा.

ठेकेदाराला कोटेशनसोबत हे लिहून मागा: प्रत्येक खोलीला किती वॅट लागतात, ते कोणत्या बाहेरच्या तापमानाला, पाणी किती अंशांचं, पाइपांतलं अंतर किती, खाली इन्सुलेशन किती जाड. जो पहिल्या प्रश्नावर खोलीचं नुसतं क्षेत्रफळ विचारून आकडा सांगतो, खिडक्यांकडे बघतही नाही, त्याने हिशेब केलेला नाही. दुसरा शोधा.

आणि चालू केल्यावर पहिला आठवडा थर्मोस्टॅटला हात लावू नका. पहिल्या संध्याकाळी खोली गार वाटते म्हणून लोक तो २६ वर नेतात. रात्रभर कोबा तापत राहतो आणि सकाळी खिडक्या उघडाव्या लागतात. मग रागाने १८ वर आणतात आणि दुसऱ्या रात्री गारठतात. २० किंवा २१ लावा आणि दोन दिवस वाट पाहा. एखादी खोली मागे राहिली तर मॅनिफोल्डवर तिची चावी पाव फेरा उघडा, लाल खूण किती सरकली ते लिहून ठेवा, आणि पुढचा बदल उद्या करा.